गिअरबॉक्सला आवतन

माझा डावा गुडघा माझं ऐकत नाही. बाकी सारं घर ऐकतं, असं आमचे हे म्हणतात. घर म्हणजे तरी कोण, वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेच्या तीन खोल्यांत ते आणि मी. ते कचेरीतून निवृत्त झाले, मी शाळेतून. मी मुळात तापट. पोरं मला मागून काय म्हणायची ते मला ठाऊक आहे, ते इथे लिहीत नाही.

निवृत्तीच्या वर्षी गुडघ्याने हात टेकले आणि सावंगीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. चांगलं झालं. पण व्यायाम शिकवणारी पोरगी हसत हसत म्हणाली, "आई, चालाल, जिने चढाल, पण क्लचची गाडी आता विसरा." तिला काय माहीत, मी दहावीत असताना बाबांचा ट्रॅक्टर चालवायची ते! गावातली पोरं बांधावर उभी राहून पाहायची, आणि बाबा मिशीतल्या मिशीत हसायचे.

बाबांनी जाताना तीन एकर वावर माझ्या नावावर करून दिलं होतं. सेलूकडे आहे. डांबरी रस्ता संपला की पांदण, म्हणजे बैलगाडीची कच्ची वाट, लागते आणि पांदणीच्या शेवटी नाला. पावसाळ्यात तिथली काळी माती चाकाला अशी चिकटते की सोडत नाही. शेजारचं वावर भावाचं. तो दर वर्षी म्हणायचा, "ताई, मीच करतो न दोन्ही. तू कायले दगदग करतं? तुहा हिस्सा घरपोच येईन." भाऊ चांगला आहे, मनात पाप नाही. पण मला माझी तूर माझ्या डोळ्यांनी पाहायची होती. घरपोच आलेलं वावर कसलं वावर?

म्हणून ही गाडी. सावंगीचे एक डॉक्टर बदली होऊन दूर निघाले होते, त्यांची जुनी, चारही चाकांना जोर असणारी, आणि मुख्य म्हणजे ऑटोमॅटिक. डावा पाय नुसता पाहुण्यासारखा बसून राहतो. डॉक्टरांनी किल्लीसोबत गाडीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं. ते मी ह्यांच्याकडे दिलं, कारण ह्यांना गाडी चालवता येत नाही, पण छापलेलं काहीही दिलं की शेवटच्या पानापर्यंत वाचतात. औषधाच्या खोक्यातली चिठ्ठीसुद्धा.

त्या दिवसापासून दर गुरुवारी मी एकटी वावरात. सकाळी चहा झाला की आधी बोनेट उघडायचं. बाबांची शिस्तच तशी होती. ट्रॅक्टर रात्रभर थंड झालेला, सपाट जागेवर, इंजिन बंद, मग तेलाची काडी बाहेर काढायची, फडक्याने पुसायची, परत घालायची, परत काढायची आणि रेघ पाहायची. "माणूस खोटं बोलते, काडी नाई बोलत," असं ते म्हणायचे. ह्या गाडीत काड्या दोन. एक इंजिनाची आणि एक गिअरबॉक्सची, तिचं तेल लाल. मी दोन्ही तशाच पाहायची. आपल्याला कोणी आळशी म्हणायची सोय ठेवली नाही.

पण लाल तेल वरच्या रेघेच्याही वर दिसे. मला वाटलं, कोणीतरी जास्त भरून ठेवलं असेल. जास्त तेल वाईट, हेही बाबांचंच. मग मी दुकानातून मोठी पिचकारी आणली, तिला नळी लावली आणि जास्तीचं तेल ओढून बाटलीत काढलं. पुढच्या गुरुवारी थोडं, त्याच्या पुढच्या गुरुवारी अजून थोडं, अगदी रेघेवर येईपर्यंत. हात पुसून मी स्वतःलाच शाबासकी दिली.

हे पायरीवर पुस्तक घेऊन बसलेले. म्हणाले, "अवं, याच्यात तर लिहून हाये का गिअरबॉक्सचं तेल इंजिन चालू ठेवून पाह्यजा म्हणून."

"तुम्हाला गाडी चालवता येते का?" मी विचारलं.

"नाई."

"मग?"

त्यांनी पुस्तक मिटलं आणि आत गेले. मी जिंकले होते. मला जिंकायची सवय आहे.

श्रावणात गाडीने मला नाल्यात आडवं पाडलं. म्हणजे गाडी नाही पडली, माझा माज पडला. नाल्यातून वर चढायची चढण आहे, तिथे मी ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिन बोंबललं आणि गाडी जागची हलेना. चाकं फिरतच नव्हती, म्हणजे दोष चिखलाचा नव्हता. आत कुठेतरी ओढच सुटली होती. मी थांबले, परत दाबलं, परत नुसती बोंब. पलीकडे माझी तूर गुडघाभर झालेली दिसत होती, आणि तिच्यापर्यंत मला जाता येत नव्हतं. शेवटी रिव्हर्स टाकून, हळूहळू मागे येत डांबरीवर आले आणि बैलगाडीच्या चालीने घरी पोचले.

वर्ध्यातल्या एका मिस्त्रीने गाडी फिरवून पाहिली आणि बोनेटसुद्धा न उघडता सांगितलं, "गिअरबॉक्स गेला. नागपूरले न्या, नाहीतर विकून टाका." संध्याकाळी भावाचा फोन आला. त्याला कसं कळलं देव जाणे. "जाऊ दे न ताई. आता ह्या वयात कायले? मी करतो वावर." मी फोन ठेवला. क्लचची गाडी मला चालवता येत नाही, आणि अशी दुसरी गाडी आम्हाला मिळणार नाही. ही गेली म्हणजे वावर गेलं, सातबाऱ्यावर माझं नाव राहील तेवढंच. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. हो, रडले.

आणि मग माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी डॉक्टरांना फोन लावला. काय काय बोलले ते आता आठवून माझे कान तापतात. "सोयरीक जमवताना पोरीचा आजार लपवतात तशी तुम्ही गाडी दिली," असंसुद्धा म्हटलं. ते माणूस शांतपणे म्हणालं, "मॅडम, गाडी दिली तेव्हा चांगली होती. तेलही बरोबर होतं." मी फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी हे कुठेसे जाऊन आले आणि म्हणाले, "आर्वी नाक्याकडं एक म्हातारा मिस्त्री हाये. असल्या गिअरचं काम त्यालेच जमते म्हणतेत. चाल." पुस्तक त्यांच्या काखेत होतं.

म्हाताऱ्याने गाडीला हात लावला नाही. स्टुलावर बसून मला म्हणाला, "मॅडम, तुमी तेल कसं पाह्यता ते दाखवा बरं मले."

आता मास्तरणीला परीक्षा द्यायला लावायची म्हणजे! मी इंजिन बंद केलं, ऐटीत काडी काढली, पुसली, घातली, काढली. बरोब्बर रेघेवर.

"ट्रॅक्टर चालवला का कधी?" त्याने विचारलं.

"चालवला. काऊन?"

"मंग बरोबर हाये. ट्रॅक्टरवाले सारे असेच पाह्यतात." तो उठला. "आता इंजिन चालू करा. ब्रेकवर पाय ठेवा. एकेक गिअर टाकत जा, आन् परत पार्किंगवर या. इंजिन बंद नका करजा." मी तसं केलं. त्याने चालू इंजिनात काडी काढून माझ्या डोळ्यांपुढे धरली. टोकाला थेंबभर लाल ओल, रेघांचा पत्ता नाही.

 म्हातारा मला समजावून सांगत होता, आणि मी वर्गातल्या ढ पोरीसारखी ऐकत होते. इंजिन बंद केलं की सारं तेल खाली उतरतं, म्हणून काडीवर जास्त दिसतं. चालू केलं की ते वर चढून कामाला लागतं. कामाला लागल्यावर खाली किती उरतं, ते पाहायचं असतं. "काडी खरंच बोलते मॅडम," तो म्हणाला, "पण तिले इचारायची येळ असते."

बाबा चुकले नव्हते, त्यांचा ट्रॅक्टर वेगळा होता. मी मात्र ह्या बिचाऱ्या गाडीच्या तोंडचा घास गुरुवारी-गुरुवारी काढून बाटलीत भरत होते. त्या बाटल्या अजून माझ्या न्हाणीघराच्या फळीवर होत्या, ओळीने लावलेल्या.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते कॅलेंडर वाचत होते. त्यांनी एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

पण गाडी वाचली होती की मेली होती, हे अजून ठरायचं होतं. म्हातारा म्हणाला, गिअरबॉक्सच्या तळाचं झाकण काढतो, त्याच्यात चुंबक असतो. चुंबकावर नुसती भुकटी दिसली तर निभावलं. लोखंडाचे तुकडे दिसले तर माझ्या हातचं नाही. तो गाडीखाली गेला. मी स्टुलावर बसले आणि जेवढे देव आठवले तेवढ्यांना नारळ बोलले. एकदोन देव तर माहेरचे, लग्नानंतर ज्यांची मी कधी विचारपूस केली नव्हती.

तो बाहेर आला आणि चुंबक माझ्या तळहातावर ठेवला. बारीक, करडी, चुलीतल्या राखेसारखी भुकटी. "वास घ्या," तो तेलाचं भांडं पुढे करून म्हणाला. मी घेतला. "जळका हाये?"

"नाही."

"वाचली मंग. पण अजून दोन गुरुवार काढले असते न..."  माझ्या जिवात जीव आला. त्याने आतली जाळी बदलली, नवं लाल तेल थोडं थोडं करून भरलं, आणि दरवेळी इंजिन चालू ठेवून काडी मलाच पाहायला लावली. निघताना मला बजावून सांगितलं. आता काडी फिरून आल्यावर पाहायची, गाडी तापलेली असताना, आणि चिखलातून आलं की समोरची, तेल थंड करणारी जाळी धुवायची.

घरी येऊन मी आधी डॉक्टरांना फोन केला. "चूक माझी होती," हे तीन शब्द मी शाळेत कधी उच्चारले नव्हते. ते हसले आणि म्हणाले, "मॅडम, पेशंटही आधी डॉक्टरलाच शिव्या देतात."

दोन दिवसांनी पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद-तूप चोळायचं आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." म्हणजे जेवणाचं बोलावणं द्यायचं. बैल विकले गेल्यावर बाबा ट्रॅक्टरला हळद-तूप लावायचे आणि हेच म्हणायचे. मी वाटीत हळद-तूप कालवलं आणि अंगणात गाडीपाशी आले.

"इचा खांदा कुठी असते?" ह्यांनी विचारलं.

"खाली. गिअरबॉक्स." पण माझा गुडघा कुठला वाकायला! तर हे पोतं अंथरून, चष्मा सावरत गाडीखाली शिरले. नुसते दोन पाय बाहेर. जन्मात ज्या माणसाने सायकलची चेन बसवली नाही, तो गिअरबॉक्सला हळद-तूप चोळत होता. मी बोनेटवर हात ठेवून म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." खालून आवाज आला, "इंजिन चालू करून सांग, नाईतर ऐकू नाई जाईन!" मी एवढी हसले की शेजारीण गॅलरीत आली.

सकाळी पुरणपोळ्यांचा डबा घेऊन निघाले. हे फाटक उघडायला आले होते. काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं, "बसा न." ते पुस्तक घेऊन बसले.

नाला आला.  मी चारही चाकांचा जोर लावला आणि हळूच ॲक्सिलरेटर दाबला. गाडीने एक क्षण दम घेतला आणि मग अशी ओढली की सरळ वर. बोंब नाही, झटका नाही. समोर माझी तूर होती. मला रडू आलं.

"तू डावा पाय काऊन दाबून राह्यली वं?" हे म्हणाले. मी खाली पाहिलं. चढणभर माझा डावा पाय नसलेला क्लच दाबून धरून होता, आणि गुडघा हूं की चूं करत नव्हता.

आम्ही उतरलो. ते बांधावर चढले, बूट चिखलात रुतले. हात उंचावून त्यांनी विचारलं, "तुह्या वावराचा धुरा कुठवर हाये?" मी हद्द दाखवली. 

"चौतीस वर्षं झाली लग्नाला," मी म्हटलं. "तुम्ही कधी इथे आलाच नाहीत."

ते काडीने बुटाचा चिखल काढत होते. रागावलेले नव्हते. "काल गाडीले आवतन देल्लं तू," ते म्हणाले. "मले कधी देल्लं?"

मला वाटायचं, त्यांना चिखल आवडत नाही. मी विचारलं मात्र कधीच नव्हतं. उलट 'मी एकटी जाते' हे चार जणींत किती तोऱ्यात सांगायची! आणि ते दर गुरुवारी फाटक उघडायचे, गाडी गेली की लावून घ्यायचे.

मी डबा बोनेटवर ठेवला. पोळ्याला पहिली पोळी बैलाची असते. मी पहिली पोळी काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

"पुढच्या गुरुवारी या," मी म्हटलं. "आजच आवतन घ्या."

"हओ," ते म्हणाले, आणि पोळी मोडून अर्धी मला दिली.