कोळणींच्या रांगेत भिवाजी

सत्याऐंशी साली ठाण्याच्या मासळी बाजारात मी जे पाहिलं, त्याने माझ्या हातातली पिशवी गळून पडली. सगुणा कोळणीच्या जागेवर तिचा नवरा भिवाजी बसला होता! समोर पाट, हातात कोयता, आणि त्या अख्ख्या रांगेत तेवढी एकच मिशी.

मासे मारायचे पुरुषांनी, विकायचे बायकांनी, ही खाडीकाठच्या कोलशेतच्या कोळ्यांची रीत. बाजारातली जागा सासूकडून सुनेकडे जायची. पुरुष तिथं टोपली उतरवून पळ काढायचा.

मी शेजारच्या पाटावरच्या शेवंतीला गाठलं. चौकशी करणं हा माझा स्वभाव; आमच्या चाळीत त्याला चोंबडेपणा म्हणतात.

"होडीत पडला, कंबर गेली," शेवंती म्हणाली. "डॉक्टर बोलला, जाळं वढायचं नाय. मग सगुणाच जाते खाडीत."

"सगुणा? होडीवर?"

"लहानपणी बापासंगती जायची. जाळं टाकते ती याच्याहून सरस."

भिवाजीने मान खाली घातली. बिचाऱ्याला ओरडताही येईना. देवळात बोलावं तसा पुटपुटत होता, "जिताडा... ताजा..."

"अगो भिवाबाय," समोरची जनी ओरडली, "अंबाड्यात फूल माळायचं इसरलीस?"

रांग खदखदली. मीही हसलो, खोटं कशाला सांगू? पण शेवंती हसली नाही. "आज नवरा बसला, उद्या ट्रकवाले दलाल बसतील. मग आम्ही कुठं जावं? भिवा, बाई आणून बसव, नायतर जागा सोड."

आता बाई आणणार कुठून? आई वारलेली, मुलगी नाही. आणि जागा गेली की सगुणेचा मासा धक्क्यावरच्या उत्तम नावाच्या दलालाच्या हवाली. या गृहस्थाची तऱ्हा ऐका. भिवाजी मासा आणायचा तेव्हा एक भाव. सगुणा आणू लागली तसा भाव खाली. का, तर म्हणे बाईने मारलेला मासा! तीच खाडी, तेच जाळं. आपल्याला कुणी पकडलं हे जिताड्याला तरी ठाऊक असतं का हो?

पुढच्या रविवारी मी मुद्दाम लवकर गेलो. भिवाजी होता, पण पाट उचलायच्या बेतात. तेवढ्यात पांढऱ्या बुटांतला उत्तम आला आणि त्याच्याजवळ उकिडवा बसला. माझे कान आपोआप लांब झाले.

"उठतोस कशाला? मी बघतो तुला कोण उठवतं ते. माझा बर्फाचा माल घे, खाडीचा म्हणून वीक. भाव यांच्याहून खाली ठेव. महिन्यात या बायका घरी बसतील, मग सगळी रांग आपली. तू पुरुषमाणूस, तुला धंदा कळतो."

भिवाजीने पाटावरचा हात काढून घेतला. मला वाटलं, झालं, मासा गळाला लागला. जागा वाचत होती त्याची!

आणि मग त्या पुटपुट्या माणसाच्या नरड्यातून असा आवाज निघाला की पलीकडच्या रांगेतली गिऱ्हाइकंही वळली.

"शेवंते! जने! ह्यो बोलतो बर्फाचा मासा खाडीचा म्हणून वीक! नि तुमाला घरी बसवणार हाय ह्यो!"

 मग अख्खी रांग कोयत्यांसकट उभी राहिली. उत्तम मागे सरला तो थेट बर्फाच्या पाण्यात बसला. पांढरी पँट, काय सांगू!

तो गेल्यावर शेवंती भिवाजीसमोर उभी राहिली. 

"एवढा आवाज व्हता तर इतके दिवस कुठं ठेवला व्हतास?"

"लाज वाटत व्हती."

"भाव आमच्यासंगं ठरवशील?"

"सगुणा ठरवायची तसाच तुमच्यासंगं ठरवीन. कालचा मासा कालचा म्हणूनच विकीन."

"मग बस." तिने आपली टोपली सरकवून त्याला ऐसपैस जागा केली. "नि सगुणेला सांग, धक्क्यावर त्याला एक मासा द्यायचा नाय. सगळा हितं आण."

मी लगेच भिवाजीकडून जिताडा साफ करून घेतला आणि बातमी गरम असतानाच घर गाठलं. बायकोला, मंदाकिनीला, सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. उत्तमचं ऐकून ती हसली, सगुणेच्या होडीचं ऐकून तोंडावर हात ठेवला. मग मासा उलटा करून पाहिला, आणि तिचे डोळेच विस्फारले.

"अगंबाई! खवले किती सुरेख काढलेत! पुरुषाने?"