हुसेनचाचांचं ठिकाण

"ज्याचं गावात ठिकाण नाही, त्यानं जमातीत हात वर करू नये," असं हुसेनचाचा एकदा म्हणाले आणि कुवेतमधल्या गावकऱ्यांच्या जमातीचा, म्हणजे मंडळाचा, तोच नियम होऊन बसला.

ठिकाण म्हणजे घर, विहीर, चार कलमं. चाचांचं खाडीवर होतं, चांगलं ऐसपैस. कुवेतच्या अहमदी शहरात ते गोदाम सांभाळत. पण चालत ते हात मागे बांधून, सावकाश, जणू वाडीच्या सावलीतून. त्या उन्हातही ती सावली त्यांच्यामागून येते, असं त्यांच्या बायकोला, जमिलाला, वाटे. मे महिन्यात वाडीचा हापूस आला की पहिली पेटी विरुद्ध मत देणाऱ्याच्या घरी जायची.

"आंब्यानं मत फिरतं होय?" जमिला चिडवायची.

"मत ठेव म्हणावं त्याच्याजवळ. आंबा कसा होता तेवढं कळव."

असे ते वर्षानुवर्षं जमातीचे अध्यक्ष. त्यांच्या त्या वाक्यापायी टॅक्सी चालवणारा झहूर दर सभेत फक्त चहा वाटायचा. त्याच्या बापानं जन्मभर दुसऱ्याची जमीन कसली होती.

गेल्या हिवाळ्यात चाचा गावी गेले. बहीण शरीफा विधवा होऊन माहेरी आली होती. चाचांनी सगळं ठिकाण तिच्या नावावर केलं आणि परत येऊन एकट्या जमिलाला सांगितलं.

"तिला भावाच्या नको, स्वतःच्या ओटीवर बसू दे."

"आणि तुमची खुर्ची?"

चाचा संत्रं सोलत राहिले. अर्धं तिच्या हातावर ठेवलं.

निवडीची सभा शुक्रवारी, नमाजनंतर, सबाह अल-सालेममधल्या त्यांच्याच घरी भरली. बायका आतल्या खोलीत. जमिला दाराच्या फटीशी. रीत अशी की हात वर करण्याआधी प्रत्येकानं आपलं ठिकाण मोठ्यानं सांगायचं.

"पऱ्याच्या पल्याड."

"दर्ग्यामागं."

मग चहाची किटली हातात घेऊनच झहूर उठला. त्यानं यंदा गावात घर बांधलं होतं. "बंदराच्या वाटंवर... निळा दरवाजा," तो म्हणाला.

"मुबारक, झहूर," चाचा म्हणाले. "आता बोल. इतकी वर्षं साठवलंस ते."

सगळे हसले. झहूरही डोळे पुसत हसला. "आता तुमचा, चाचा! पण तुमचा काय इचारायचा? पोरांना पन पाठ हाय."

हात आधीच अर्धे वर आले होते. दोन शब्द पुरले असते. शहानिशा करायला इथून कोण जाणार होतं? बोला हो, जमिला मनात म्हणाली, आणि लगेच तिलाच ते नकोसं झालं.

चाचा उठले. आपली खुर्ची त्यांनी झहूरकडे सरकवली, त्याच्या हातातली चहाची किटली काढून टेबलावर ठेवली. दाराशी वाकून चपला घातल्या. हात मागे बांधले, आणि नेहमीसारखे सावकाश बाहेर पडले.