चुलीची माती

आमच्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत पदवी नसलेलं माणूस एकच, चाळणकामाच्या मावशी. आणि मातीतलं खरं कळायचं तेही त्यांनाच. हे मी आता कबूल करतो. तेव्हा मी साहेबपणाच्या तोऱ्यात होतो. नमुना चाळणीत घालण्याआधी मावशी चिमूटभर माती बोटांत चुरडायच्या, वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "ही ओढ्याकाठची." मी पिशवीवरची चिठ्ठी वाचून बघायचो आणि दर वेळी मावशींचंच खरं निघायचं.

एके दिवशी त्यांच्याच वस्तीमागच्या उताराचा नमुना आला. तो उतार खाणवाल्यांना हवा होता. इथली माती कधीच कुणी उकरलेली नाही, एवढं आम्ही लिहून दिलं की त्यांची यंत्रं सुरू. मावशींच्या सात पिढ्या त्या उतारात पुरलेल्या होत्या. पण त्यांच्यात वर दगड ठेवत नाहीत, नाव लिहीत नाहीत; त्यामुळे कागदोपत्री तिथे कुणीच नव्हतं.

मावशींनी माती चुरडली आणि बोटं झटकली. "साहेब, ही आमची नाही. ही रस्त्याकडेची भर आहे. कुणा आळशानं गाडीतून उतरल्या उतरल्या उचललीय."

"कशावरून, मावशी?"

"आमच्यात माणूस गेलं की घरोघरच्या चुलीचा तुकडा फोडून आणतात आणि चुरून मुठीनं वर टाकतात. म्हणजे त्याला खाली परकं वाटत नाही. भाजलेली माती काय विरघळते होय? हातभर खाली बघा, लाल खडे लागतील. यात आहे एक तरी?"

नव्हता. मी अहवाल अडवला. वरून फोन आला तेव्हा चाळणी फाटल्याची थाप मारली. दोन दिवसांनी खाणवाल्यांच्या माणसाला साक्षीला घेऊन, कुदळ खांद्यावर टाकून आम्ही उतारावर गेलो. वस्तीतली माणसं कडेला उभी होती. पुरलेली जागा पुन्हा उकरणं म्हणजे त्यांच्यात महापाप, हे मला तिथे पोचल्यावर कळलं. आधी विचारायचं सुचलंच नाही. जळो ते साहेबपण!

मावशींनी चपला काढल्या. थोडं वर चढून त्या एका झुडपापाशी थांबल्या. "इथं खणा."

"इथंच का?" खाणवाल्यांच्या माणसानं संशयानं विचारलं.

"ही माझी आई आहे. दुसऱ्याच्या आईवर कुदळ घाला असं मी कुठल्या तोंडानं सांगू?"

माझ्याच्यानं कुदळ उचलवेना. मावशींनी ती माझ्या हातातून घेतली. वीतभर खणून त्यांनी ती बाजूला ठेवली आणि पुढची माती बोटांनीच सारली. खडे निघाले. नखाएवढे, लाल, काही एका अंगानं काजळीचे. खाणवाल्यांचा माणूस वाकून बघत राहिला आणि पंचनाम्यावर त्यानं सही केली. उतार वाचला होता. पण वस्तीतून कुणी आनंदानं ओरडलं नाही.

मावशींनी एकेक खडा परत ठेवला, माती ओढून तळहातानं हळूहळू दाबली.

"झालं गं," खाली बघून त्या म्हणाल्या. "पाहुणे आले होते. निघालेत आता."