दादाचा तलवारीचा हात

नाशिकच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म उजेडाकडे धरली आणि विचारलं, "हे कधी सुरू झालं?"

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, स्ट्रेचरवर पडला होता. तोंड डावीकडे ओढलं गेलेलं. उजवा हात स्ट्रेचरच्या कडेवरून लोंबत होता, तो उचलून पोटावर ठेवला की पुन्हा खाली घसरत होता. मी म्हणालो, "सकाळी. उन्हं अंगणात यायच्या सुमाराला." बाहेर दिवे लागले होते.

"मग दिवसभर तुम्ही करत काय होतात?"

त्या प्रश्नाचं उत्तर इथे लिहितो आहे, कारण आमच्या भागात उद्या दुसऱ्या कुणावर ही वेळ येईल आणि तोही तेच करेल, जे मी केलं.

आजाराचं नाव इस्केमिक स्ट्रोक. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि तिच्या पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. तो भाग मरू लागतो. दादाची उजवी बाजू गेली होती. त्याला हेमिप्लेजिया म्हणतात, म्हणजे अर्ध्या अंगाचा लकवा. बोलणं बोबडं झालं होतं. त्याला डिसआर्थ्रिया म्हणतात. शब्द सुचतात, पण जीभ वळत नाही.

आणखी एक शब्द त्या संध्याकाळी मी शिकलो, तो विंडो पिरियड. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. डॉक्टर म्हणाले, "ती वेळ तुम्ही घालवलीत." हे बोलताना त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

आता सकाळचं सांगतो.

आमचं घर मोखाड्याकडे, पोशेऱ्याच्या पुढच्या एका पाड्यावर. दादा तिथे भात-नागली करतो. मी जव्हारला शाळामास्तर आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे बोहाडा होतो. देवांची, राक्षसांची, वीरांची सोंगं लाकडी मुखवटे बांधून संबळाच्या तालावर गावातून नाचत फिरतात. प्रत्येक सोंग एकेका घराचं. आमच्या घराकडे एका वीराचं आहे. जड मुखवटा, उजव्या हातात लोखंडी तलवार. ते सोंग आधी वडील नाचवत, नंतर दादा. मुखवट्याच्या भोकांतून पायापुढची थोडी जमीन तेवढी दिसते, म्हणून सोंगाच्या कमरेला बांधलेला शेला धरून मागे एक जण चालतो. दादाच्या मागे नेहमी मी.

आणि एक नियम आहे. देवळापासून निघालेलं सोंग देवळापाशी परत येईपर्यंत मुखवटा उतरवायचा नाही.

त्या सकाळी वाटेच्या अर्ध्यावर दादा अडखळला. तलवार खाली आली, टोक मातीत घासू लागलं. मुखवट्याच्या आतून घोगरा, अर्धवट आवाज येऊ लागला. संबळवाल्यांनी ताल वाढवला. बायाबापड्या वाकून पाया पडू लागल्या. सगळ्यांना वाटलं, देव अंगात आला. मलाही तेच वाटलं. शिकलेला मी, वर्गात मेंदूची आकृती फळ्यावर काढणारा मी, तरी मी शेला आणखी घट्ट धरला. त्याचा तोल जात होता. मी त्याला मागून उभा ठेवला, ढकलत ढकलत उरलेली फेरी पुरी करून घेतली. भाऊ मुखवट्याआड कोसळत होता आणि मी त्याला नाचवत होतो.

देवळाशी मुखवटा उतरवला तेव्हा तोंड वाकडं दिसलं. तरीही आम्ही थांबलो. देव अजून उतरला नाही, असं जाणती माणसं म्हणाली. अंगारा लावला, लिंबू उतरवलं, चटईवर निजवलं. ऊन डोक्यावर आलं, कललं. शेवटी वहिनी ओरडली, तेव्हा जीप निघाली. मोखाड्याच्या दवाखान्यात बीपी पाहिलं आणि लगेच नाशिकला न्यायला सांगितलं. त्र्यंबकच्या रस्त्यानं मी त्याचा उजवा हात हातात धरून होतो. तो हात माझा हात धरत नव्हता.

वॉर्डातले दिवस मला नीट आठवत नाहीत. आठवते ती वहिनीची पाठ. ती दादाच्या उशाशी बसे, मी आलो की पदर सावरून भिंतीकडे तोंड करी. एकदा मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही थोडं खाऊन या, मी बसतो." तिने भिंतीकडे बघतच उत्तर दिलं.

"तुमी तेव्हा बी मागंच होता ना भाऊजी. बसा आता बी मागं."

दादाची जीभ वळू लागली तेव्हा पहिलं धड वाक्य माझ्यासाठी होतं. मी त्याला कुशीवर वळवत होतो. त्याने डाव्या हाताने माझ्या छातीत ढकललं. "मला हात नको लावू."

मीही त्याच्याशी चांगला वागलो नाही, हे लिहायला हवं. तो जेवणाचं ताट लोटून देई तेव्हा मला त्याचा राग येई. मुखवट्याच्या आतून तू हाक का मारली नाहीस, असं त्याच्या कानाशी ओरडावंसं वाटे. जीभ गेलेल्या माणसाने हाक मारावी कशी, एवढाही विचार मी करत नव्हतो. अपराधी माणूस फार लवकर चिडतो.

मग फिजिओथेरपी सुरू झाली. तिथल्या मॅडम वयाने लहान होत्या, बोलायला तिखट. त्यांनी समजावलं की मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही, पण शेजारचा भाग त्याचं काम थोडंथोडं शिकू शकतो. याला न्यूरोप्लास्टिसिटी म्हणतात. मात्र त्यासाठी तीच हालचाल पुन्हा पुन्हा, कंटाळा येईपर्यंत आणि त्यानंतरही करावी लागते. दादाला पहिल्याच दिवशी कंटाळा आला. लाकडी पाटावरच्या खुंट्या एका भोकातून काढून दुसऱ्या भोकात घालायच्या होत्या. त्याने पाटच पाडला.

तेव्हा मॅडमनी कोपऱ्यातला टीव्ही लावला. खाली एक जुना गेम कन्सोल होता, कुणी तरी विभागाला दिलेला. सोबत पांढरी कांडी. ती हातात धरून हलवली की पडद्यावरचा माणूस तसाच हात हलवतो. गेममध्ये एक तलवारबाज बुडालेल्या शहरात उतरतो. प्रत्येक दरवाजावर दगडी रखवालदार उभा. तो ढाल जिकडे धरेल त्याच्या उलट बाजूने वार करायचा. शेवटच्या दरवाजाशी तलवार डोक्यावर उंच धरायची, मगच तो उघडतो.

मॅडम म्हणाल्या, हाच गेम आधी दुसऱ्या मशीनवर होता. सोफ्यावर बसून अंगठ्याने बटणं दाबली की वार होत. नंतर कंपनीने तो या मशीनसाठी बदलून बसवला आणि प्रत्येक वार हाताने करायचा झाला. खेळणाऱ्या पोरांनी कुरकुर केली, हात दुखतात म्हणून. "मला तेच हवं होतं," त्या म्हणाल्या.

माझा संताप झाला. ज्याने गावापुढे खरी तलवार नाचवली, त्याच्या हातात ही प्लास्टिकची कांडी? दादाचं आणि माझं त्या दिवसांत एकाच गोष्टीवर एकमत झालं. तो पडद्याकडे बघून थुंकल्यासारखं करून म्हणाला, "पोरांचा खेळ."

"मग पोरांसारखा खेळून दाखवा," मॅडम म्हणाल्या. "पोरं जिंकतात."

कांडी त्याच्या मुठीत राहीना, म्हणून ती पट्टीने बांधली. पहिले काही दिवस रखवालदार त्याला मारत राहिला. मग दादाने चलाखी शोधली. खांदा न उचलता तो सगळं अंग पुढे झुकवून झटका देई. यंत्र फसत होतं, वार लागत होता. मॅडम फसल्या नाहीत. याला कॉम्पेन्सेशन म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. दुबळ्या भागाचं काम धड भाग चोरून करतो आणि दुबळा भाग कायमचा दुबळा राहतो. त्यांनी एक चादर दादाच्या छातीवरून घेतली, तिची टोकं खुर्चीच्या मागे आणली आणि माझ्या हातात दिली. "तुम्ही मागे बसून हे धरा. पुढे झुकू द्यायचं नाही."

त्यांना काही माहीत नव्हतं. वहिनी उठून उभी राहिली. दादाने मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि जिभेला जेवढं जमेल तेवढं स्पष्ट म्हणाला, "ह्यो मागं नको."

मॅडमनी मला व्हरांड्यात नेलं. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या धीर देतील. त्या म्हणाल्या, "तुमचा अपराध तुमच्याजवळ ठेवा. मला मागे एक माणूस पाहिजे, आणि वहिनींच्या हातात तेवढा जोर नाही. दादांना राग आहे ना? असू दे. रागाने हात उचलला जातो."

मी चादर धरली. दादा खवळला होता. पडद्यावर रखवालदार पुढे आला आणि दादाचा उजवा हात पहिल्यांदा खांद्यातून निघाला, वेडावाकडा, थरथरत. वार लागला. दादा ओरडला, "घे, मास्तर!"

दुसरा वार. "मास्तर, घे!"

मॅडमनी विचारलं, "हा मास्तर कोण?"

वहिनीने माझ्याकडे बोट दाखवलं आणि तोंडाला पदर लावला. ती हसत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मागे चादर धरून मी बसलो होतो आणि समोर दगडाचा मी मार खात होतो. त्या शहरातल्या प्रत्येक रखवालदाराला दादाने माझंच नाव दिलं. काही शिव्या अशा होत्या की आमच्या वडिलांनंतर मी त्या कुणाकडून ऐकल्या नव्हत्या.

डिस्चार्जनंतर दादाला मी जव्हारला माझ्या घरी आणलं. पाड्यावर वीज टिकत नाही, आणि मी एक जुना कन्सोल शोधून आणला होता, तोच गेम घालून. दादा माझ्या घरात पाहुण्यासारखा राहिला, रागावलेल्या पाहुण्यासारखा. माझ्याशी बोलणं नाही, फक्त रखवालदाराशी. मी शाळेतून आलो की मागे बसायचं, चादर धरायची आणि स्वतःचा उद्धार ऐकायचा. काही दिवस मी चादर मुद्दाम जास्त घट्ट ओढली. तेही लिहून ठेवतो.

हात छातीपर्यंत आला. मग खांद्यापर्यंत. तिथे अडला. डोक्यावर जाईना आणि तो शेवटचा दरवाजा उघडेना. पुढचा पावसाळा, भातकापणी, सगळं त्या बंद दरवाजासमोर गेलं. एका तपासणीला मॅडमनी सरळ सांगितलं, "कानापर्यंत येईल. त्याच्या वर येईल असं मी खोटं सांगणार नाही. आणि लोखंडी तलवार या मुठीत टिकणार नाही."

घरी येऊन दादाने कन्सोलची वायर ओढून काढली. दुसऱ्या सकाळी स्वतःच परत लावली.

मग पुन्हा बोहाड्याची बैठक आली. देवळापुढे गाव बसलं. गावात वर्षभर चर्चा होती की सोंग नाचवणाऱ्याने धरायचा उपास दादाने मोडला असेल, म्हणून देवाने हात नेला. हे म्हणणाऱ्यांतल्या काहींनीच त्या सकाळी त्याच्या पायावर डोकं ठेवलं होतं. बोहाड्याचे कारभारी म्हणाले, सोंग ओस ठेवता येत नाही. घराला जमत नसेल तर भाऊबंदांत जाईल. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, तू शिकलेला. तू मागं होतास. तुला बी दिसलं नाय?"

मी तोंड उघडायच्या आत दादा उठला. काठी बाजूला ठेवली.

"ह्याला काय इचारता? मुखवट्यामागचं कोनाला दिसतंय? सोंग चुलतभावाला द्या. मी नाचत नाय." जीभ सावरून तो पुढे म्हणाला, "पन एक कबूल करा. ज्याच्या अंगात येईल त्याला दोन्ही हात वर करायला सांगायचं. दोन्ही गेले वर, तर देव. एक खाली राहिला, तर गाडी काढा. मुखवटा तिथंच उतरवा."

कारभारी चिडले. "म्हंजे आता देवाची परीक्षा घ्यायची आमी?"

"देवाला हात वर करायला काय जड हाये? नाचताना करतोच की."

कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, दवाखान्यातून नवा देव आणलाय याने. दादाने तिकडे लक्ष दिलं नाही. सगळ्यांसमोर त्याने दोन्ही हात उचलले. डावा सरळ वर गेला. उजवा छातीशी थांबला, मग खांद्याशी, थरथरत कानापर्यंत आला आणि तिथेच राहिला. माणसं बघत होती. मी तो हात रोज मागून पाहिला होता, पुढून कधी नाही. पुढून दादाचं तोंड दिसत होतं. त्याला किती त्रास होतो ते मला त्या दिवशी कळलं.

मुखवटा वाटेत उतरवायला गाव तयार झालं नाही. बराच वाद झाला. शेवटी एवढं ठरलं की हात खाली राहिला तर फेरी अर्ध्यावर तोडायची आणि सोंग सरळ गाडीत घालायचं, मुखवटा गाडीत उतरेल. तेवढंही माझ्याच्याने झालं नसतं.

वाचणाऱ्यांना सांगायचं आहे. तोंड वाकडं होणं, एक हात न उचलणं, बोलणं बोबडं होणं, यातलं एकही दिसलं तर वेळ बघा आणि निघा. अंगारा गाडीत लावता येतो. फिजिओच्या मॅडमचे मी आभार मानले तेव्हा त्या म्हणाल्या, गेम बदलून बसवणाऱ्यांचे माना. त्यांचेही मानतो, ते कोण आहेत ते मला ठाऊक नाही.

दादाने मला माफ केलेलं नाही. मी विचारलंही नाही. यंदाच्या बोहाड्यात शेला धरायला दुसरा माणूस होता. मला दादाने पुढे उभं केलं. चुलतभाऊ नाचत येत होता आणि मी त्याच्याकडे तोंड करून, उलट्या पावलांनी चालत, ठरलेल्या ठिकाणी "हात वर" म्हणत होतो. एकदा दगडाला टाच लागून मी मागे वळून पाहिलं, तर देवळाच्या पायरीवर बसलेल्या दादाचा आवाज आला, संबळाच्याही वर.

"मास्तर, वाट नको बघू. हात बघ."

मी दोन्ही हात बघत मागे मागे चालत राहिलो.