भाल्यांना धार

डिंगोऱ्यात हत्याराला हातानं धार लावावी ती खंडूनंच. ओतूरला यंत्राची चाकं आली, तरी त्याचा कुरुंदाचा दगड सुटला नाही. चाकावर पातं तापतं, त्याचं पाणी उतरतं, मग धार चार दिवससुद्धा टिकत नाही, असं तो चारचौघांत ऐकवायचा. एकेकाळी डुकराच्या शिकारीचे भाले त्याच्याकडे यायचे. शिकारी बंद झाल्या, भाले माळ्यावर गेले आणि खंडू विळ्या-खुरप्यांवर आला. ते त्याला मनातून फार लागलं होतं.

२००१ साली उसात बिबट्या आला आणि भाले खाली उतरले. भाला कुठल्या टोकाला धरायचा हेही ज्यांना ठाऊक नव्हतं, ते दारात येऊन बसू लागले. "खंडूभाऊ, अशी धार लावा, वाघ नुसता बघून पळाला पायजे!" खंडूच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तो भाल्यांपुढून जेवायलाही उठेना.

त्यातच एका सकाळी त्याची बायको द्रौपदा विळा घेऊन आली. "अवं, गवत कापत न्हाई, तुटतंय नुसतं. येवढी धार लावून द्या."

"उद्या बघू. संपतचा भाला पयला."

"उद्या उद्या करून आठ दिस झालं," म्हणत ती तसाच विळा घेऊन बांधावर गेली.

रोज ऊन कलायच्या आत भारा घेऊन परतणारी बाई त्या दिवशी अंधार पडला तरी आली नाही. सापडली ती उसाच्या कडेला. माणसं बिबट्याचे ठसे बघत होती. खंडू मात्र गवत बघत राहिला. ते कापलेलं नव्हतं, ओरबाडून तोडलेलं होतं, आणि भारा अजून अर्धाच होता. विळा चालत असता तर ती कधीच घरी आली असती, हे त्याला तिथंच कळलं.

पुढे बिबट्या पिंजऱ्यात सापडला आणि गाडीत घालून नेला. एकाही भाल्याला रक्त लागलं नाही. भेटायला येणारे म्हणायचे, "तिची वेळ भरली व्हती, भाऊ." खंडू प्रत्येकाला सांगायचा, "वेळ न्हाई राव, विळा बोथट व्हता. माज्यामुळं गेली ती." दुःखानं ह्याचं डोकं फिरलंय, असं म्हणत लोक चहा पिऊन उठायचे.

तेराव्याला मुलगा नवनाथ शेजारी येऊन बसला. "आबा, आई येवढा उशीर कशाला थांबली?"

खंडूनं त्यालाही सगळं सांगितलं. नवनाथ तसाच उठला. मग बायकोला सामान बांधायला सांगितलं आणि ओतूरला खोली घेऊन राहिला. तो परत आला नाही. साऱ्या गावात खंडूचं बोलणं एकट्या त्यालाच पटलं होतं.