आबांच्या होडीचं इंजिन थंड ठेवताना

खाडीचं पाणी घेऊन थंड होणाऱ्या इंजिनात गाळ कधी साचला हे कळत नाही. एक दिवस नळी उघडावी तर मूठभर चिखल निघतो. आमच्या किश्श्यांचंही तसंच. साचत गेले, आणि त्यातले बहुतेक माझ्याच अंगाशी आलेले!

मी महाप्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो, राहतो सानपाड्याला. सासुरवाडी जवळच्याच करावे गावात. सासरे, म्हणजे आबा, अजूनही होडी घेऊन खाडीत जातात. होडीच्या पोटात जुनं डिझेल इंजिन आहे आणि ते तापायचं. मेव्हणा नितीन वैतागला. म्हणाला, "आबा, भर खाडीत बंद पडलं तर काय? विकून टाकू!"

आबा जेवण अर्धवट सोडून उठले. ते मला बघवलं नाही. म्हटलं, "नितीन, थांब. इंजिन मी थंड ठेवतो. मग तर होडी राहील?"

तोपर्यंत मी फक्त स्कूटरचा प्लग बदलला होता.

*

सुरुवात थर्मोस्टॅटपासून केली. इंजिन तापलं की उघडणारी ही एक छोटी झडप. ती वेळेवर उघडते का, हे गरम पाण्यात टाकून बघायचं, असं व्हिडिओत सांगितलं होतं. रविवारी सकाळी मी हाताला लागलेल्या पातेल्यात तिला उकळी दिली. उघडली! आनंदाच्या भरात तिला घेऊन बाल्कनीत गेलो, पातेलं तसंच राहिलं.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. बायकोने, वैशालीने, उकळतं पाणी आयतंच आहे म्हणून त्यातच चहा टाकला. मी आत येईपर्यंत सेक्रेटरींचा अर्धा कप संपला होता.

"वहिनी," ते म्हणाले, "मसाला घरचाच का?"

पातेलं आता माझ्या हत्यारांच्या पेटीत असतं.

*

झडप ठीक, तरी तापमान दाखवणारा काटा लालवर. मी पाण्याच्या नळ्या बदलल्या. काटा लालवर. गाळणी घासली, नळ्यांतला क्षार काढला, पट्टा बदलला. काटा ढिम्म! कितीतरी रविवार असेच गेले. शेवटी नितीनने सहज इंजिनावर हात ठेवला, आणि ठेवूनच उभा राहिला.

"भाऊजी, हे तर कोमट आहे."

"शक्यच नाही. काटा बघ."

त्याने इंजिन बंद केलं, चावी काढून खिशात टाकली. काटा लालवरच!

"भाऊजी, ताप थर्मामीटरला आलाय!"

*

काटा बदलला, पण माझा विश्वास उडाला तो उडालाच. मग मी होडीच्या मागे बसून धुराच्या नळीतून पाणी पडतंय का तेच बघत राहायचो. पाणी पडतंय म्हणजे ते इंजिनातून फिरतंय. पुढे सुकाणूवरून आबा ओरडायचे, "पानी हाय?" मी ओरडायचो, "हाय! धार चांगली!"

एकदा पहाटे वैशालीने झोपेतून हलवलं. "अहो, पाणी आलं का बघा ना नळाला."

म्हणे मी डोळे न उघडता उत्तर दिलं, "धार चांगली. धूरही पांढराच."

त्याच आठवड्यात तिला ताप आला होता. मी विचारलं, "किती आहे?" ती म्हणाली, "उद्या इंजिनाला विचारा, त्याच्याशी तुमचं रोजचं बोलणं आहे."

*

नारळी पौर्णिमेला माझ्या हस्ते इंजिनाची पूजा ठेवली. जावयाचा मान! हळदकुंकू, अगरबत्ती, झेंडूची भरगच्च माळ. देवाचे कालचे हार वाकून भक्तिभावाने खाडीत सोडले. इंजिन चालू होतं, आणि मी वाकलो होतो ती बाजू नेमकी पाणी आत ओढणाऱ्या छिद्राची.

गावच्या सगळ्या होड्या वाजतगाजत पुढे गेल्या. आमची धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर वाफ सोडत उभी! गाळणी उघडली तर आत झेंडूच झेंडू.

आबा पाकळ्या उपसत म्हणाले, "जावयबापू, देवाला वाह्यलेलं यानं खाल्लं. आता याचाच उपास मोरला!"

*

त्यानंतर मात्र इंजिन सुधारलं. तापेना, धूर टाकेना, एका चावीत सुरू होऊ लागलं. गावात बोलबाला झाला. मी कॉलर ताठ करून फिरत होतो, तेवढ्यात नितीन म्हणाला, "भाऊजी, कमाल केलीत! उरणकडचं गिऱ्हाईक आलंय. आता चांगला भाव येईल. अशीच विकू."

होडी वाचवायला गेलो आणि विकण्यासारखी करून ठेवली! आबांकडे बघायची हिंमत झाली नाही.

ट्रायलच्या दिवशी मी सकाळीच सगळं तपासलं. पाणी आत घेणारा कॉक पूर्ण उघडा. पट्टा, नळ्या, तेल, सगळं ठीक. आबा म्हणाले, "नितीन, सुकाणू तू धर. माजं पाय दुकतान." आणि ते इंजिनाच्या पेटीजवळ फळीवर बसले.

अर्धी खाडी छान गेली. गिऱ्हाईक मान डोलवत होतं. नितीन भावाचा विषय काढणार, एवढ्यात जळक्या रबराचा वास आला. मग वाफ. सगळ्यांच्या आधी आबाच ओरडले, "बंद कर! बंद कर!"

गिऱ्हाईक बाजूने जाणाऱ्या होडीला हात करून निघून गेलं. जाताना म्हणालं, "काका, हिला तुमीच सांभाळा." नितीन कपाळाला हात लावून पुढे जाऊन बसला.

मी फळी उचलून बघितलं. कॉक घट्ट बंद. पाणी मिळालं नाही की पंपातला रबरी पंखा जळतो, तो गेलाच होता.

"आबा," मी हळूच विचारलं, "हा कॉक कोणी बंद केला?"

आबांनी भाकरीची पिशवी उघडली. फडक्यातली भाकरी बाजूला केली आणि खालून सीलबंद पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. आत पंपाचा नवा कोरा पंखा होता.

"घे, ह्यो बसव," आबा म्हणाले, "आनि चल, भरती लागंल."