घाटावर वाळणारी लुगडी

आजी गेली तेव्हा तिचं एकुलतं एक धड लुगडं आईने दुसऱ्याच दिवशी नेसलं, कारण आईचं फाटलं होतं. त्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि हे मी मान वर करून सांगते.

आता दर रविवारी आमचा गट नदी साफ करतो आणि शेवटी नदीच्या नावाने घाटावर नारळ फोडून वाटतो. गाळातून प्लास्टिक निघतंच, पण त्याहून जास्त निघतात ते माणूस गेल्यावर दहाव्याला नदीत सोडलेले कपडे. ते कचरागाडीत टाकायला कुणी धजत नाही. म्हणून आम्ही ते धुतो आणि घाटावर दोरी बांधून वाळत घालतो. वाऱ्याने लुगडी फुगली की वाटतं, बायका नदीकडे तोंड करून उभ्या आहेत. त्यांच्याकडे पाठ करून मला काम करवत नाही.

परवा एकजण आपल्या गेलेल्या आईच्या कपड्यांचं गाठोडं नदीत सोडायला घेऊन आला आणि दोरीपाशी थबकला.

"ही कुणाची?"

"तुमच्यासारख्यांच्या आयांची," आमच्या शालूताई म्हणाल्या. "सोडा की तुम्हीपण. पुढच्या रविवारी आम्ही काढू वर."

"घाबरवता का, मावशी?"

"मी कशाला घाबरवू? तुम्हाला वाटतं, नदी त्यांना लांब कुठं नेते. अहो, ह्या पुलाखालीच असतात सगळ्या, गाळात."

ओल्या पदरांतून पाणी ठिबकत होतं. मग गाठोडं छातीशी धरून तो आल्या वाटेने परत गेला.

आमच्या गटाने अडवलेलं ते पहिलं गाठोडं.